कारवारची हिवाळी पक्षी फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. दर वर्षी एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा ते इथे एकत्र मांडले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे शेवटी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फेरी नक्की कुठून कुठपर्यंत असते? किती चालायला लागतं?

कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, चपल युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी जमायचं. तिथून उत्तरेला वाळूवरून चालत कोडीबागच्या बाजूला काळी नदीच्या मुखापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर होतात, पण थांबत थांबत जात असल्यामुळे तीन तास सहज लागतात. नाश्त्यानंतर ज्यांना उत्साह आहे ते गाडीने सुंकेरीकडच्या खाडीकाठी कांदळवन बघायला जातात. तिथे चालणं फारसं नाही.

काळीच्या पुलावर मात्र गाडी थांबवून पक्षी बघू नयेत. ७ ऑगस्ट २०२४ ला जुना पूल कोसळला आणि दोन्हीकडच्या वाहतुकीचा भार नव्या पुलावर आला. तिथे उभं राहणं धोक्याचं आहे.

२. पक्ष्यांची काहीच माहिती नाही. आलं तर चालतंय काय?

चालतंय. कावळा, बगळा आणि घार ओळखता येत असली तरी पुरे. एका जाणत्या माणसामागे बाराजणांहून जास्त घेत नाही, त्यामुळे विचारायला संकोच होत नाही. नाव पाठ करण्याआधी चोच, पाय आणि चाल बघायची सवय लावली तर पहिल्याच सकाळी दहा-बारा पक्षी पक्के होतात.

३. कोणता महिना सगळ्यांत चांगला?

किनाऱ्यावरचे पाहुणे सप्टेंबरपासून उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परत गेलेले असतात. फेरीसाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरावा. डिसेंबर-जानेवारीत संख्या स्थिर असते, पहाटे हवा सुखद असते आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यामुळे पाणी शांत असतं. मार्चमध्येही यावंसं वाटलं तर जरूर या, कारण तेव्हा अनेक पक्ष्यांवर विणीचा रंग चढू लागलेला असतो. फक्त ऊन लवकर तापतं.

४. फेरीची वेळ दर वेळी का बदलते? ठरावीक सात वाजता का नाही ठेवत?

कारण वेळ पाणी ठरवतं. चिखल्या, तुतवार, टिलवे हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात आणि ओल्या वाळूत किडे, छोटे खेकडे, शिंपले शोधतात. पूर्ण ओहोटीला ते खाडीभर पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चरायची जागाच बुडते, मग ते एखाद्या वाळूच्या दांड्यावर दाटीने उभे राहून झोप काढतात. या दोन्हींच्या मधले, पाणी चढत असतानाचे दोन-अडीच तास खरे फेरीचे. पाणी त्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलतं. आपण त्यांच्यामागे जायचं नसतं, एका जागी उभं राहिलं की तेच जवळ येतात.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून एका रविवारी उत्तम असलेली सकाळची वेळ पुढच्या रविवारी कुचकामी ठरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, कारवारला पहाटे ओहोटी असते आणि सकाळभर पाणी चढतं. चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस त्यामुळे आम्हाला हवेसे. अष्टमी-नवमीला उलट होतं. सकाळभर पाणी ओसरत असतं आणि पक्षी लांब लांब जात राहतात. शिवाय भांगाच्या त्या दिवसांत पाण्याची चढउतार मुळातच कमी असते.

५. भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते असं ऐकलंय. कशी काढायची?

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. त्याच्या साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी.

हा हिशोब अंदाजापुरता घ्यावा. कारवारला भरती मुंबईपेक्षा आधी येते, म्हणून उत्तराच्या थोडं आधीच किनाऱ्यावर पोचलेलं बरं. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात बघायची आणि ती कारवारचीच बघायची. दुसरी चूक उंचीच्या बाबतीत होते. मुंबईकडे उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, कारवारला सुमारे दोनच मीटर. त्यामुळे मुंबईच्या खाडीवर फिरलेले लोक इथे मैलभर चिखल उघडा पडेल या अपेक्षेने येतात. इथे उघडी पडणारी पट्टी अरुंद आहे. तिचा फायदा असा की पक्षीही जवळ असतात.

६. बेळगावहून त्याच दिवशी पहाटे निघून पोचता येईल काय?

ओढाताण होते, आणि आम्ही तसं करू नका असंच सांगतो. खानापूर, रामनगर, जोयडामार्गे घाटरस्ता जंगलातून जातो. अंधारात वळणं, धुकं आणि रस्त्यावर येणारी जनावरं यांमुळे वेळ हातात राहत नाही. शनिवारी दुपारी निघावं, कारवारात मुक्काम करावा, रविवारी उजाडायच्या आधी किनाऱ्यावर असावं. रेल्वेने यायचं तर लोंढा, मडगाव करून कोकण रेल्वे पकडावी लागते. कारवारचं स्थानक शिरवाडला, गावाबाहेर आहे, तेव्हा पुढच्या रिक्षाचा विचार आधीच करावा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला डोंगर असल्यामुळे वाळूवर ऊन आणखी उशिरा पडतं. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर समोरून उजेड पडतो. संध्याकाळी त्याच जागी सूर्य डोळ्यांत येतो आणि प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन बसतो. संध्याकाळी मोकळे असाल तर किनारा सोडून कांदळवनाकडे जावं.

७. दुर्बीण कोणती घ्यावी? घरी जुनी १०×५० आहे, ती चालेल?

असेल ती आणा. नवीन घेणार असाल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×५० मध्ये पक्षी मोठा दिसतो खरा, पण दुर्बीण जड असते, हाताचं कापणंही दहापट दिसतं आणि नजरेचा आवाका सहसा अरुंद असतो. उडत्या थव्यात पक्षी सापडेपर्यंत थवा निघून जातो.

दुर्बीण खराब आहे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची दुर्बीण फक्त जुळवलेली नसते. जुळवायची पद्धत अशी. आधी दोन्ही नळ्या उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबची पाटी बघा आणि मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. आता डावं भिंग झाका, उजव्या डोळ्याने तीच पाटी बघा, पण मधल्या चाकाला हात लावू नका. उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवून अक्षरं स्वच्छ करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढे आयुष्यभर फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दुमडा किंवा पिळून आत घ्या, नाहीतर भोकातून बघितल्यासारखं दिसतं.

दुर्बीण नसेल तर नाव देतानाच सांगा. गटात तीन-चार जादा असतात. स्टँडवरची एक मोठी दुर्बीणही असते. दहानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागते आणि तिच्यातलं चित्र वितळल्यासारखं दिसतं, म्हणून तिच्यातून बघायचं ते लवकर बघून घ्यावं.

८. खाऱ्या हवेने भिंग खराब होतं काय? कसं पुसायचं?

होतं, आणि सगळ्यांत जास्त नुकसान शर्टाच्या टोकाने पुसल्यामुळे होतं. मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर घासले जाऊन ओरखडे पडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण झाडावेत, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं मऊ कापड फिरवावं, शेवटी कोरडं. बाहेरची नळी आणि चाकही ओल्या फडक्याने पुसून टाकावीत. दुर्बीण ओलसर असताना पेटीत बंद करू नये, बुरशी धरते.

९. कपडे, चप्पल, पाणी, खाणं?

मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, दीड लिटर पाणी. बेळगावच्या थंडीच्या हिशोबाने स्वेटर चढवून आलात तर साडेआठलाच तो हातात येईल. पायात मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालणारी सँडल. अनवाणी चालू नये: खाडीच्या कडेला कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि किनाऱ्यावर आलेले जेलीफिश मेलेले असले तरी डंख करतात. चिरमुरे, भडंग, केळी असं कोरडं खाणं बरं. वेष्टनं आणि उरलेलं खाणं परत पिशवीत, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्री थवे उठवतात.

१०. कुरव (सीगल) ओळखायला सोपे असं म्हणतात, पण "काळ्या डोक्याचा" कुरव बघितला तर डोकं पांढरंच! असं कसं?

पुस्तकातलं नाव विणीच्या रंगावरून पडलंय. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोघांचीही टोपी उतरते आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो. म्हणून डोकं सोडा, पंख बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक मोठं काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, जणू आरसे बसवलेत. डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा टोकापर्यंत लांब पांढरी आणि डोळा गडद. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळा समुद्राच्या पातळीवर काढतो. पाठ गडद राखाडी असलेला, अंगाने बराच मोठा कुरव दिसला तर तो या दोघांपैकी नव्हे.

रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तिथे कुरव हमखास भेटतात. दोरांवर पाय देऊ नये, जाळ्यापासून दूर उभं राहावं आणि कोळी बांधवांचे फोटो विचारूनच काढावेत. काम त्यांचं आहे, आपण पाहुणे.

सुरय (इंग्रजीत टर्न) अंगाने सडपातळ, पंख टोकदार, चोच पाण्याकडे रोखून उडणारे. तुरेवाल्या दोघांत चोच बघावी: लहान तुरेवाल्याची नारिंगी, मोठ्याची पिवळसर. कॅस्पियन सुरय तर कुरवाएवढा आणि लालभडक चोचीचा. तो एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही.

११. वाळूवर पळणारे ते लहान राखाडी पक्षी सगळे सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

आधी चाल बघा. चिखल्या पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. तो डोळ्यांनी शिकार शोधतो, म्हणून डोळा मोठा आणि चोच आखूड. तुतवार आणि त्याच्या जातीचे पक्षी चालता चालता चोच खुपसत जातात. सामान्य तुतवार तर शेपटीकडचा भाग सतत खाली-वर हलवतो. लाटेच्या कडेने खेळण्यासारखे पुढे-मागे धावणारे फिकट पांढरट पक्षी दिसले तर ते सँडर्लिंग.

मग चिखल्यांमध्ये मान बघा. केंटिश चिखल्याच्या मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरते. वाळू चिखल्यांच्या मानेमागे ती नसते. छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं.

धाकटा आणि थोरला वाळू चिखल्या यांत भलेभले अडखळतात. चोचीच्या लांबीची तुलना चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी करा. थोरल्याची चोच या अंतराहून लांब आणि जाड, पाय लांब आणि हिरवट-पिवळसर झाकेचे. धाकट्याची चोच आखूड, पाय गडद. एकटा पक्षी लांबून दिसला असेल तर "वाळू चिखल्या" एवढंच लिहावं. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

१२. खडकावर काळा बगळा दिसला. ही वेगळी जात की आजारी पक्षी?

निरोगी समुद्र बगळा आहे. याच जातीत दोन रंगांचे पक्षी असतात: एक पाटीसारखा गडद, गळा पांढरा, आणि दुसरा पूर्ण पांढरा. गडद ओळखणं सोपं. पांढरा मात्र छोट्या बगळ्यासारखाच दिसतो. त्याची चोच जास्त जाड, पिवळट-तपकिरी आणि किंचित खाली झुकलेली वाटते. छोट्या बगळ्याची चोच काळी आणि बारीक.

१३. समुद्र गरुड नक्की दिसेल काय? आणि घारीपासून वेगळा कसा काढायचा?

नक्की असं कोणत्याच पक्ष्याबद्दल म्हणता येत नाही, पण कारवारच्या बेटांभोवती आणि खाडीमुखाशी शक्यता चांगली. कोकणात याला काकण म्हणतात. डोकं-पोट पांढरं, पाठ राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीच्या आकाराची. घिरट्या घालताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. ब्राह्मणी घार लहान, अंग विटकरी, शेपूट गोलसर. ऑस्प्रेच्या डोळ्यातून गडद पट्टा जातो आणि ती पाय पुढे काढून पाण्यात झेपावते. घोटाळा होतो तो गरुडाच्या तपकिरी पिल्लांमुळे. त्यांच्या बाबतीत रंग विसरून शेपटीचा आकार आणि उचललेले पंख बघावेत.

याचं घरटं हिवाळ्यात चालू असतं. सापडलं तर जागा कुणाला सांगू नये, खाली थांबू नये, फोटोतलं ठिकाण काढून टाकावं.

१४. किती जवळ गेलेलं चालतं? पक्षी उडाले तर एवढं काय बिघडतं?

चरणाऱ्या पक्ष्यांपासून निदान पन्नास मीटर, भरतीला दाटीने विसावलेल्या थव्यापासून निदान शंभर. पण मीटरपेक्षा पक्ष्यांची वागणूक महत्त्वाची. चरणं थांबवून माना वर झाल्या की आपणही थांबायचं. ते चालत सरकू लागले तर दोन पावलं मागे. सगळ्यांनी एका ओळीत, पाण्याला समांतर उभं राहायचं, अर्धवर्तुळ करून घेरायचं नाही. सरळ चालून न जाता तिरकं जायचं.

बिघडतं ते असं. या पक्ष्यांना फेब्रुवारी-मार्चपर्यंत अंगावर चरबी साठवायची असते, त्याच बळावर त्यांना हजारो किलोमीटर उत्तरेला जायचंय. चरायला मिळतात ते ओहोटीचे तास, विसाव्याचे ते भरतीचे. दर उड्डाण साठवलेल्यातून खर्च करतं. रविवारी किनाऱ्यावर आपल्यासारखे आणखी शंभरजण असतात आणि थवा दर दहा मिनिटांनी उठतो. आपल्यामुळे एकदाही उठू नये, एवढं आपल्या हातात आहे.

विसावलेले पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. सकाळी वारा जमिनीकडून असतो, म्हणजे ते आपल्याकडेच तोंड करतात. छाती आणि चोच लांबूनही दिसते, जवळ जायची गरजच पडत नाही.

१५. मोठ्या लेन्सचा कॅमेरा, ड्रोन, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणं?

कॅमेरा आणा, पण सगळ्यांनी बघून होईपर्यंत ओळीच्या पुढे जायचं नाही. ड्रोन अजिबात नाही, आवाज लावणंही नाही. कारवारच्या दक्षिणेला अरगा-बिणगा भागात नौदलाचा कदंब तळ आहे. त्या दिशेने दुर्बीण, लेन्स रोखू नका, तिकडचे फोटो काढू नका. पक्षी तिकडे गेला तर जाऊ द्या.

१६. वाळूच्या दांड्यापर्यंत चालत जाता येतं असं दिसतं. जाऊ काय?

नाही. ओहोटीला दांडा किनाऱ्याला जोडलेला दिसतो, पण मधली जागा खोलगट असते. पाणी परततं ते आधी तिथे, आपल्या पाठीमागून. शिवाय पाणी एकसारखं चढत नाही: सहा तासांच्या चढात तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी येतं. पहिल्या दोन तासांचा संथपणा बघून माणूस निर्धास्त होतो आणि अडकतो. दांड्यावर विसावलेल्या पक्ष्यांबद्दल १४ वा प्रश्न पाहा.

१७. लहान मुलं, म्हातारी माणसं?

आठ वर्षांपुढची मुलं आनंदाने येतात. गुडघे दुखणाऱ्यांनी संग्रहालयापाशीच घडीची खुर्ची टाकून बसावं. चढत्या पाण्यात तिथूनही कुरव-सुरय दिसतात. स्वच्छतागृहाची सोय मुक्कामाच्या ठिकाणीच उरकून यावं.

१८. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायच्या संकेतस्थळावर) प्रत्येकाने वेगळी यादी करायची काय?

नको. बाराजणांनी बारा याद्या केल्या तर तेच पक्षी बारा वेळा मोजले जातात. एकाने यादी करावी आणि बाकीच्यांना ती वाटावी. ज्याला जो पक्षी दिसला नाही तो त्याने आपल्या प्रतीतून काढावा. किनाऱ्याची एक यादी आणि कांदळवनाची दुसरी. वेळ आणि अंतर खरं लिहावं, आणि संख्येच्या जागी फुली टाकण्याऐवजी अंदाज द्यावा: थव्यातले दहा मोजा, तेवढ्या जागेचे असे किती तुकडे बसतात ते बघा, गुणाकार करा. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना आणि फेब्रुवारीतली चार दिवसांची जागतिक पक्षी गणना या दोन्हींत अशा याद्या उपयोगी पडतात.

१९. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर?

पकडायचा प्रयत्न करू नका. फोटो काढा, रंग, कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षर-आकडे, तारीख आणि जागा लिहा, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. जखमी पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. आणि लगेच वन खात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जंगली पक्षी घरी ठेवता येत नाही, उपचाराच्या भावनेनेसुद्धा. एकाच जागी अनेक मेलेले पक्षी दिसले तर हात न लावता कळवावं.

२०. कारवारला येणं जमत नाही. बेळगावजवळ सराव कुठे करावा?

राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांकाठी. पाणी उतरू लागलं की चिखलाच्या कडेला सामान्य तुतवार, हिरवा तुतवार, छोटा कंठेरी चिखल्या हिवाळ्यात भेटतात. इथे भरती-ओहोटी नाही, त्यामुळे सकाळची कोणतीही वेळ चालते. पट्ट-कादंब हंस बघायचे तर गदग जिल्ह्यातला मागडीचा तलाव. २०२४ च्या जानेवारीत त्याला आणि कुमट्याजवळच्या अघनाशिनी खाडीला रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत जागा मिळाली.

२१. जूनमध्ये कारवारला विळ्यासारख्या चोचीचा कर्ल्यू दिसला. तो मागे राहिला, की ओळखण्यात चूक झाली?

बरोबर असू शकतं. किनाऱ्यावरच्या मोठ्या पक्ष्यांना वीण करायला एकाहून जास्त वर्षं लागतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यांची पिल्लं बरेचदा उत्तरेला जातच नाहीत. फक्त तो कर्ल्यू की व्हिम्ब्रेल एवढं तपासा: व्हिम्ब्रेलची चोच आखूड आणि डोक्यावर गडद पट्टे असतात, कर्ल्यूचं डोकं साधं. यादीत नोंद करा, फोटो जोडा, आणि "एकटा, चरत होता, पाऊस सुरू" असं दोन ओळींत लिहा. पावसाळ्यातल्या याद्या कारवारहून फार कमी येतात.